तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडी केबिनला परवानगी लागते का?

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या रो-हाऊसमागची लाकडी खोली पाहून जाणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि मी "लागते" म्हटले की इंग्लंडमधल्या एखाद्या भाच्याचा दाखला देतो, ज्याने परसात अशी केबिन कोणालाही न विचारता उभी केली. त्याने विचारले नसेल. पण तिथेही कुंपणापासून २ मीटरच्या आत बांधायचे तर उंची २.५ मीटरच्या वर नेता येत नाही, घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे येता येत नाही, आणि फ्लॅटवाल्यांना ती सवलत मुळीच नाही. इथे १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे, आणि भिंत विटेची की लाकडाची याच्याशी त्याला देणेघेणे नाही. "पाया नाही, तात्पुरते आहे" हा युक्तिवाद तर अंगाशी येतो, कारण तात्पुरती अनधिकृत बांधकामे झटपट हटवण्यासाठीच त्यात कलम ५५ आहे. सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडून, नकाशा मंजूर करून घेतल्यावर जेवढी खोली उरली, तिला माझी बहीण आजही देवघर म्हणते.

खिडकीबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. ओंडके एकमेकांवर खाचेत बसवलेले असतात आणि लाकूड जाडीत-रुंदीत आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे सुकताना अख्खी भिंत खाली बसते आणि पावसाळ्यात पुन्हा वर चढते. चौकट तेवढी जागच्या जागी राहते, म्हणून तिच्या डोक्यावर फट सोडायची असते आणि ती झाकणारी पट्टी ओंडका किंवा चौकट यांपैकी एकालाच ठोकायची असते. आमच्या भिंती सप्टेंबरच्या दमट हवेत उभ्या राहिल्या. मी कामावर असताना बसवणाऱ्याने ती फट फोमने भरली, पट्टी दोन्हीकडून स्क्रूने आवळली आणि संध्याकाळी अभिमानाने म्हणाला, "मॅडम, आता पालसुद्धा शिरणार नाही." मार्चपर्यंत वरचे ओंडके चौकटीवर टेकून अडकले, खालचे बसत गेले, आणि खिडकीच्या दोन्ही अंगांना अशी फट पडली की विजेचे बिल दुमडून पलीकडे सारता येई. पाल आलीच. जूनच्या पहिल्या सरीत पुस्तकांचे कपाट भिजले, आणि लाकडाची नैसर्गिक हालचाल हमीत बसत नाही, असे मला फोनवर ऐकवण्यात आले.

कोकणात लाकडी घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, असे मी तेव्हा सर्वांना ठणकावून सांगत असे. टिकतात, पण त्यांच्या भिंती बहुधा जांभ्या दगडाच्या असतात, लाकूड वर छपराच्या आडोशाला असते आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. तरीही माझे म्हणणे सपशेल चुकीचे होते, हे मला अजून मान्य नाही.

फोम कापून काढला आहे, पट्टी आता फक्त वरच्या ओंडक्याला ठोकलेली आहे, आणि वाळवीसाठी दरवर्षी जोत्याभोवती फवारणी होते. वळचण वाढवायची आहे. पण ती सामासिक अंतरात मोजली जाईल का, याचे आर्किटेक्टने दिलेले उत्तर आणि सोसायटीच्या सचिवांनी दिलेले उत्तर जुळत नाही, आणि मला दोन्ही पटलेली नाहीत.