मॉन्सल ट्रेलवरचा ग्रुप वॉक : माझा अनुभव

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या मॉन्सल ट्रेलवर, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरच्या पायवाटेवर, गाइडबरोबर चालायचं ठरलं, तेव्हा माझी धास्ती एकच होती, चढाची. नाव नोंदवताना मी संयोजकांना तेच विचारलं. उत्तर आलं, "आगगाडी चढली तेवढंच तुम्हाला चढायचंय." म्हणजे जवळजवळ काहीच नाही. वाफेच्या इंजिनाला शंभर फुटांमागे एक फूट चढसुद्धा जड जायचा, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी डोंगर आला की बोगदा खणला, दरी आली की पूल बांधला. त्या सगळ्या खटाटोपाचं फळ आता आमच्या गुडघ्यांना मिळणार होतं.

ही वाट म्हणजे लंडन-मँचेस्टर मार्गावरचा मिडलँड रेल्वे या जुन्या कंपनीचा एक तुकडा. १८६३ मध्ये सुरू झाला, १९६८ मध्ये बंद पडला. रूळ उखडले गेले आणि १९८१ मध्ये त्यावर पायवाट झाली, साडेआठ मैलांची. पण बोगदे असुरक्षित म्हणून बंदच होते. चालणाऱ्यांना बोगद्यापाशी वाट सोडून डोंगर चढून पलीकडे उतरावं लागायचं, म्हणजे रेल्वेने जे टाळलं नेमकं तेच करायचं! २०११ मध्ये डागडुजी होऊन, दिवे लागून बोगदे खुले झाले.

आम्ही बेकवेल गावाकडून निघालो. गाइड साठी उलटलेले, शिट्टी गळ्यात, बोलणं मोजकं. एक जण सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे, या दोघांच्या मध्येच राहायचं. सायकलवाले आणि घोडेस्वारही याच वाटेवर असतात, तेव्हा घंटी ऐकली की डावीकडे सरायचं. सूचना संपल्या. मला वाटलं, सपाट वाटेवर कशाला हवीय एवढी शिस्त? पण सपाट वाटेचीच खरी पंचाईत असते. डोंगरात चढ आला की धावणारेही धापा टाकत थांबतात आणि घोळका आपोआप एकत्र येतो. इथे थांबवणारं काहीच नाही. तरणे गडी गप्पांच्या नादात सुसाट सुटले आणि ग्रेट लाँगस्टोनच्या जुन्या स्टेशनपर्यंत आमची चांगलीच लांब शेपटी झाली. शिट्टी वाजली. यापुढे वेग ठरवणार ते मागचे लोक, असं गाइडनी जाहीर केलं. मी मागच्यांतलीच, त्यामुळे मला तो निर्णय फारच आवडला.

हेडस्टोन बोगद्याच्या तोंडाशी काळे चष्मे काढायला लावले. आत शिरताच अंगावर गारवा आला आणि बुटांचा आवाज एकदम मोठा झाला. दिवे आहेत, पण तेही संध्याकाळी बंद होतात, म्हणून उशिरा येणाऱ्याने स्वतःची विजेरी आणावी. भिंतीवर हात फिरवून पाहिला, बोट काळं झालं. मधूनमधून भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे आहेत. गाडी आली की रुळांवर काम करणारे गँगमन त्यात अंग चोरून उभे राहायचे. मी एका कोनाड्यात पाठ टेकून उभी राहिले. समोरून डबे धडधडत जाताहेत आणि नाकातोंडात धूर, ही कल्पना काही मला फार वेळ सोसली नाही.

बोगदा संपतो तो थेट पुलावर. उजेडाने डोळे दिपतात आणि खाली एकदम वाय नदी दिसते. हा पूल झाला तेव्हा लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनने आगपाखड केली होती : बक्स्टनच्या मूर्खांना अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलच्या मूर्खांना बक्स्टनला जाता यावं म्हणून ही दरी घालवली. आज त्याच पुलाला वारसा म्हणून संरक्षण आहे आणि लोक फोटोसाठी त्याच्यावर गर्दी करतात. त्यात आम्हीही होतोच. मला विचाराल तर पूल सुंदर आहे, पण रस्किनने ती दरी पुलाशिवाय पाहिली होती, आपण नाही.

पुढे क्रेसब्रुक आणि लिटन हे दोन बोगदे पाठोपाठ येतात. तिसऱ्या बोगद्यात कोणी फोटोही काढत नव्हतं. तोवर माझे तळवे बोलायला लागले होते. चढउतार नसले की पाय तासन्‌तास एकाच पद्धतीने टक्क टक्क पडत राहतो आणि जमीनही टणक. घोट्यापर्यंतचे जाडजूड ट्रेकिंगचे बूट इथे नकोतच, मऊ तळव्याचे चालायचे बूट बरे.

मिलर्स डेल या जुन्या स्टेशनच्या अलीकडे चुनाभट्ट्या लागल्या. १८८० पासून १९४४ पर्यंत इथे चुनखडी भाजली जायची, आणि चुना न्यायला दाराशी रेल्वे. काहींना त्या नुसत्या भिंती वाटल्या आणि ते पुढे निघाले. गाइडनी मात्र पहिल्यांदाच भरभरून सांगितलं, वरून दगड आणि कोळसा कसा ओतायचे, खालून चुना कसा काढायचे. मिलर्स डेलला शेजारी-शेजारी दोन पूल आहेत, कारण वाहतूक वाढली तसा १९०५ मध्ये दुसरा बांधावा लागला. स्टेशनचे फलाट अजून जागेवर आहेत. गाइडनी तिथे माणसं मोजली, वहीत खूण केली आणि परतीचं वाहन कुठे उभं आहे ते दाखवलं. ही वाट गोल फिरून परत येत नाही, त्यामुळे एकट्याने जाणार असाल तर परतीची सोय आधी बघा.