ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आणि आमचा सागवानी पलंग

बेडरूमसाठी नवीन फर्निचर बघायला गेलं की सगळीकडे तेच, वरून सनमायका आणि आत भुशाचं बोर्ड, आणि भाव असा की एवढ्यात अख्खं सागवान यायला पाहिजे असं वाटतं. तर येतं. जुनं घ्यायची तयारी पाहिजे आणि मुंबईत जोगेश्वरीला, ओशिवऱ्याच्या बाजारापर्यंत जायची.

आम्ही मुद्दाम हिवाळ्यात गेलो, कारण पुढे जे पॉलिश करायचं होतं ते दमट हवेत पांढरं पडतं. नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून स्लो लोकलने जोगेश्वरी, मग पश्चिमेला रिक्षा. सोबत मामा होते, आयुष्यभर सुतारकाम केलेले, म्हणून तर एवढं धाडस केलं. राम मंदिर स्टेशनवरूनही जाता येतं, ते 2016 मध्ये सुरू झालं.

एसव्ही रोड, रिलीफ रोडच्या पट्ट्यात दुकानांची रांगच आहे. फुटपाथपर्यंत आलेल्या आरामखुर्च्या, एकावर एक रचलेले दरवाजे, बाजूला कोणीतरी पॉलिश पेपर घासतंय आणि हवेत स्पिरिटचा वास. मला इथे इतकं बरं वाटलं की जेवायचंही सुचलं नाही. जुनी घरं, बंगले रिकामे झाले की तिथलं सामान इथे येतं, पण त्याच दुकानांत जुन्यासारखं दिसणारं नवीनही भरपूर असतं, त्यामुळे पारख पाहिजे.

मामांनी एकाही वस्तूचं तोंड आधी बघितलं नाही. ड्रॉवर ओढून काढायचे आणि उलटे करायचे. कोपऱ्याचे डव्हटेल (एकमेकांत अडकणारे पंख्याच्या आकाराचे दाते) एकसारखे मशीनने कापल्यासारखे असतील तर नवीन, थोडे कमीजास्त असतील तर हाताचं काम. पाठीला प्लाय आहे की फळ्या, स्क्रू एका खाचेचा आहे की स्टारचा (स्टारचा असेल तर निदान दुरुस्ती तरी नंतरची), आणि कुठे ताजा बारीक भुसा पडतोय का. सागाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, लागते ती कडेच्या पांढुरक्या कच्च्या लाकडाला, म्हणून तिथे नखाने दाबून बघायचं.

पलंग असा मिळाला की मी हातच फिरवत बसले. मच्छरदाणीचे चार खांब, डोक्याच्या बाजूला साधी उभी कोरीव पट्टी, सांधे सगळे कुसवाचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, एक खिळा नाही. दुकानदार चाचा म्हणाले बर्मा टीक. ते खात्रीने कोण सांगणार, पण मामांनी आतल्या बाजूला जरासं घासून वास घेतला आणि म्हणाले, "पोरी, साग आहे, आणि पिकलेला आहे. घे." चाचांनी पंचवीस हजार सांगितले, अठरावर आले. एक छोटं कपाटही घेतलं ज्याला कोणीतरी फिकट हिरवा ऑइलपेंट फासला होता. टेंपो तिथेच ठरवला, पलंग खोलून आणला, कुसवाच्या सांध्यांचा हाच तर फायदा.

घरी आल्यावर आधी गच्चीच्या शेडमध्ये सगळं मोकळं ठेवलं. कपाटाचा रंग कोरडा घासायचा नाही हे कृपा करून लक्षात ठेवा, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही, आणि त्याची धूळ तर नकोच. आम्ही रिमूव्हर लावून ओला रंगच खरवडला, मास्क लावून, आणि लहान मुलांना तिकडे फिरकू दिलं नाही.

पलंगाला मात्र पेपर जवळजवळ लागलाच नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मामांनी एका कोपऱ्यात घासला, तर जुनं पॉलिश चिकट होऊन बोळ्यावर आलं, म्हणजे ते चपड्याचं, लाखेच्या पापुद्र्यांपासून केलेलं. मग अख्खा पलंग स्पिरिटनेच उतरवला आणि नंतर 220 चा पेपर रेषेच्या दिशेने हलका फिरवला. आडवा फिरवला तर ओरखडे पॉलिशनंतर जास्तच दिसतात.

नवीन पॉलिशही चपड्याचंच केलं. लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवायचा, गाळायचा, मग मऊ कापडात कापूस बांधून हात मारत जायचे, प्रत्येक हाताला सुकायला वेळ द्यायचा. पाचव्या-सहाव्या हाताला लाकडाच्या रेषा अशा वर आल्या की मामाच थांबून बघत राहिले. मेलामाइन पॉलिश जास्त टिकाऊ आहे हे मान्य, पण झोपायच्या खोलीत त्याचा वास दिवसेंदिवस रेंगाळतो. स्पिरिटचा लवकर उडून जातो.

गादीचं एक सांगते, जुन्या पलंगांची मापं आजच्या तयार गाद्यांना बसतीलच असं नाही, आम्ही आतलं माप घेऊन कापसाची भरून घेतली. आणि पलंगाजवळ सॅनिटायझर किंवा अत्तराची बाटली ठेवू नका, सांडलं तर चपडा विरघळतो. सांडलंच तर घाबरू नका, तेवढ्याच जागेवर दोन हात मारले की नवा थर जुन्यात मिसळून जातो, अख्खा पलंग परत उतरवायची गरज पडत नाही.