भूतानची वीज आणि भारताचा रुपया

भारत-भूतान संबंधांवर आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात डोकलामचा उल्लेख हटकून असतो. २०१७ साली त्या पठारावर भारतीय आणि चिनी सैनिक ७३ दिवस समोरासमोर उभे होते, त्यामुळे ते साहजिकही आहे. मात्र जेमतेम आठ लाख लोकसंख्येच्या त्या देशातील सामान्य माणसाचा भारताशी रोजचा संबंध येतो तो रुपया, सिमेंट आणि गॅसच्या सिलिंडरमधून. या दोन देशांच्या मैत्रीचा कस तिथेच लागतो, असे मला वाटते.

१९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा भारतातून तिथे जाणारा मोटाररस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावर बसून त्यांना पारोला पोहोचावे लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६१ मध्ये, सीमा सडक संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला आणि सीमेवरच्या फुन्शोलिंग या भूतानी शहरातून थिंफूकडे जाणारा रस्ता डोंगर कापत वर चढू लागला. त्याच वर्षी आखलेल्या भूतानच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा सगळा पैसा भारताने दिला.

खरी भागीदारी उभी राहिली ती विजेवर. ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पासाठी १९७४ मध्ये करार झाला. खर्चाचा ६० टक्के भाग अनुदान, उरलेला ४० टक्के भाग अवघ्या ५ टक्के व्याजाचे कर्ज, आणि भूतानची गरज भागून उरेल ती सगळी वीज भारत विकत घेणार, अशा त्याच्या अटी होत्या. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात चुखा सुरू झाला, तशी भूतान सरकारच्या तिजोरीत नियमित आवक येऊ लागली. भारतालाही उन्हाळा-पावसाळ्यात भरवशाची वीज मिळाली. मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याला काय देता येते याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या शेजारात दुसरे नाही. पुढे ताला आणि कुरिछू प्रकल्पांतही अनुदानाचा वाटा ६० टक्केच राहिला.

नंतर मात्र हे प्रमाण फिरले. १२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ प्रकल्पासाठी ४० टक्के अनुदान आणि ६० टक्के कर्ज, तेही १० टक्के व्याजाने, असे ठरले. मांगदेछूच्या बाबतीत अनुदान ३० टक्क्यांवर आले. भारताच्या कोणत्याही मंत्रालयाच्या दृष्टीने ही किरकोळ रक्कम असेल, पण ज्या देशाचे परकीय कर्ज मुख्यतः याच प्रकल्पांचे आहे, त्याच्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे.

याचा फटका कसा बसतो, ते २०१२ मध्ये दिसले. भूतानचे चलन न्गुल्ट्रम हे रुपयाशी एकास एक बांधलेले आहे आणि रुपया तिथे दुकानादुकानांत चालतो. पण भूतानला तो छापता येत नाही, कमवावा किंवा उसना घ्यावा लागतो. धरणांच्या बांधकामासाठी सिमेंट, लोखंड आणि मजूर भारतातून येत होते, शहरांत घरे आणि मोटारींसाठी सढळ कर्जे दिली जात होती, आणि हा सगळा पैसा रुपयांच्या रूपाने फुन्शोलिंगच्या वेशीतून पलीकडच्या भारतीय जयगावला उतरत होता. रुपये मिळवण्यासाठी भूतानच्या मध्यवर्ती बँकेने २० कोटी डॉलर विकले, तरी भागले नाही, आणि २०१२च्या मार्चमध्ये तिला रुपये देणे आखडते घ्यावे लागले.

त्यानंतरच्या वर्षी जे घडले, ते मला आजही खटकते. भूतानमध्ये १३ जुलै २०१३ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचे निर्णायक मतदान होते, आणि नेमक्या जुलैच्या पहिल्या दिवशी भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरील व रॉकेलवरील अनुदान थांबवले. सिलिंडरची किंमत दुपटीच्या वर गेली. त्या मतदानात सत्ताधारी पक्ष हरला. ऑगस्टमध्ये अनुदान पुन्हा सुरू झाले. पंचवार्षिक योजनेची मुदत जूनअखेर संपली, म्हणून तसे झाले, हे भारताचे स्पष्टीकरण मी खोटे मानत नाही. पण पंतप्रधान जिग्मे थिनले यांनी आदल्या वर्षी रिओमध्ये चीनच्या पंतप्रधानांची भेट घेतली होती, हे थिंफूतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यामुळे तारखांचा अर्थ लोकांनी आपापला लावला, आणि तो आपल्या बाजूचा नव्हता. परराष्ट्र धोरणात भूतानने भारताचा सल्ला मानावा हे १९४९च्या तहातले कलम आपण २००७ मध्ये मोठ्या मनाने काढून टाकले होते. सहा वर्षांतच स्वयंपाकघरातून तीच आठवण करून दिल्यासारखे झाले.

म्हणूनच आता पुनात्सांगछू-१ विषयी काय ठरते, याकडे लक्ष ठेवावेसे वाटते. २०१३ मध्ये धरणाच्या जागेजवळचा डोंगर खचला, काम वर्षानुवर्षे रखडले, आणि साडेतीन हजार कोटींच्या आसपास धरलेला खर्च नऊ हजार कोटींच्या पुढे गेला. त्याच नदीवरचा १०२० मेगावॉटचा दुसरा प्रकल्प २०२५ मध्ये कार्यान्वित झाला आणि पहिल्याच्या धरणाचे काम पुन्हा हाती घेण्याचेही ठरले. सर्वेक्षण आणि आराखडा भारतीय संस्थांचा होता. तेव्हा रखडलेल्या वर्षांचे व्याज भूतानच्या माथी मारू नये, आणि चुखाच्या अटींकडे जितके मागे जाता येईल तितके जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.