ठाम की हेकट?

आज भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेत बसले होते. "मावशी, फर्म आणि ऑब्स्टिनेट, दोघेही जागचे हलत नाहीत. मग फरक काय?" म्हटलं, फर्म म्हणजे ठाम, ऑब्स्टिनेट म्हणजे हेकट. ठाम माणूस निदान समोरच्याचं ऐकून घेतो, हेकट तेवढंही करत नाही. "पण हे ठरवणार कोण?"

आता आली का पंचाईत!

मग ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल मदतीला धावला. १९४८ साली बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमात त्याने गमतीत रूपं चालवून दाखवली होती, आपण शाळेत 'मी जातो, तू जातोस' म्हणायचो ना, तशी: मी ठाम आहे, तू हेकट आहेस, तो तर अडेलतट्टू मूर्ख! (मूळ इंग्रजीत तट्टू नाही, डुक्कर आहे. आपण त्यातल्या त्यात सभ्य.) म्हणजे गुण एकच, फक्त माणूस जितका लांबचा तितका शब्द कडू. भाची खिदळत सुटली.

संध्याकाळी आईला सांगितलं, गॅलरीतला तो गंजका कूलर या रविवारी भंगारात जाणार म्हणजे जाणार. अगदी ठामपणे सांगितलं हं.

आई म्हणाली, "लहानपणापासून अश्शीच हेकट!"

भाची आतल्या खोलीतून ओरडली, "रसेल!"

कूलर अजून गॅलरीतच आहे.