हर्णैची तांबू आणि वाकणारी माणसे

हे लिहिते आहे ते दापोलीजवळच्या मुरुडला, माहेरच्या पडवीत बसून. आमची कुत्री तांबू मात्र जर्मनीत, हॅनोव्हरला घरी आहे. आल्यापासून जो भेटतो तो तिची चौकशी करतो आणि कुत्र्यांच्या शाळेत ती नेमके काय शिकली, असे विचारतो, म्हणून सविस्तर सांगते.

तांबू हर्णैच्या किनाऱ्यावर वाढली. सुवर्णदुर्गासमोर होड्या लागतात, बैलगाड्यांतून मासळी वाळूवर येते आणि लिलावाच्या गर्दीत पाट्यांच्या मधून कुत्री वाट काढत असतात. ज्याची मासळी उघड्यावर मांडलेली आहे त्याला ती राखावीच लागते, त्यामुळे माणूस जमिनीकडे वाकला की पुढे दगड येणार, एवढे तिथले प्रत्येक पिल्लू चालायला लागताच शिकते. बहुतेक वेळा दगड उचलावाही लागत नाही, नुसते वाकणे पुरते.

भारतातून युरोपात कुत्रे न्यायचे तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि तिचा निकाल चांगला आला तरी रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा असा क्रम असतो. ते सगळे महिने तांबू याच पडवीत आईजवळ होती. पहिल्याच आठवड्यात आईने मला फोनवर सांगितले होते, "तिच्यासमोर वाकून केर काढला तरी ती विहिरीमागे पळते गं." मी ते ऐकून घेतले, पण त्याचा अर्थ मला हॅनोव्हरला गेल्यावर कळला.

हॅनोव्हर ज्या लोअर सॅक्सनी राज्यात आहे तिथे २०१३ पासून नव्याने कुत्रे पाळणाऱ्या माणसालाच परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा कुत्रे घरी आणण्यापूर्वी आणि प्रात्यक्षिक पहिल्या वर्षाच्या आत. प्रात्यक्षिकाची तयारी म्हणून मी तांबूला नवशिक्यांच्या वर्गात घातले. कुंपण घातलेले एक मैदान, सहा कुत्री आणि एक प्रशिक्षिका. सुरुवातीलाच त्या बाई बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि तांबू गवतावर सपाट झाली. शेपूट पोटाखाली, कान मागे आणि मागचे पाय इतके थरथरत होते की तो कंप पट्ट्यातून माझ्या हाताला जाणवत होता. मी दगडांची हकिगत सांगितली. बाई सावकाश उभ्या राहिल्या, वीस पावले मागे गेल्या आणि तांबूकडे पाठ अर्धी वळवून म्हणाल्या, "आज तिला काहीही करायला सांगू नका."

तो संपूर्ण तास आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या होतो. तांबूने दुसऱ्या कुत्र्याकडे पाहून पुन्हा माझ्याकडे पाहिले की उकडलेल्या कोंबडीचा एक लहान तुकडा द्यायचा, एवढेच काम होते. तिने तुकडा नाकारला तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरकायचे. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, पुन्हा पुन्हा नाक चाटणे, पुढचा एक पाय उचलून धरणे ही भीतीची लक्षणे असू शकतात, हे मला तिथे समजले. यातले प्रत्येक लक्षण मी इथे शेकडो वेळा पाहिले होते आणि कुत्रे कंटाळले असेल किंवा लाडात आले असेल असे मानून सोडून दिले होते, याचे आजही वाईट वाटते.

पुढे वाकण्याचाच सराव सुरू झाला. आधी हात फक्त गुडघ्यापर्यंत न्यायचा, तुकडा खाली टाकायचा आणि सरळ व्हायचे. तिसऱ्या आठवड्यात माझी बोटे गवताला टेकली. पाचव्या आठवड्यात बाई स्वतः वाकल्या, तेव्हा तांबू दोन पावले मागे गेली, थांबली आणि मान लांब करून त्यांच्या तळहाताचा वास घेऊन आली. "बस" आणि "थांब" हे शब्द त्यानंतर शिकवले, तेही मराठीतच, कारण अडचणीच्या क्षणी आपल्या तोंडून जो शब्द आपोआप निघतो तोच कुत्र्याला ठाऊक असला पाहिजे, असा बाईंचा आग्रह होता. "हाड" हा शब्द आमच्या घरातून कायमचा गेला.

प्रात्यक्षिक आम्ही उत्तीर्ण झालो. त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही.

इथे आमच्या माडांखाली सध्या एक काळे पिल्लू येते. पाचवीतला भाचा काटे काढलेल्या बांगड्याचा तुकडा गडग्याच्या एका चिऱ्यावर ठेवतो, मागे सरतो आणि तोंड फिरवून बसतो. परवा पिल्लू सहा चिरे दूर थांबले होते. आज सकाळी ते चार चिऱ्यांवर आले, तेव्हा त्याने मान न वळवता हळूच विचारले, "आत्या, अजून किती वेळ बसू?"