धरले तर चावते, सोडले तर पळते : ओबामाकेअर रद्द करण्याचा वाद

न्यू जर्सीत नोव्हेंबर उजाडला की मराठी घरांत फराळाच्या ताटाभोवती ‘ओपन एनरोलमेंट’चा विषय हमखास निघतो. पुढच्या वर्षाचा आरोग्यविमा निवडण्याची ही मुदत असते. ज्यांना कंपनीकडून विमा मिळतो त्यांचे काम चटकन आटोपते. पण ज्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला आहे, ज्यांची नोकरी नुकतीच गेली आहे किंवा ज्यांनी आई-वडिलांना ग्रीन कार्डावर कायमचे इकडे आणले आहे, त्यांना राज्याच्या विमा-बाजारपेठेच्या संकेतस्थळावर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा योजना ताडून पाहाव्या लागतात. ही बाजारपेठ ज्या कायद्यामुळे अस्तित्वात आली, त्याचे नाव ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’, बोलीभाषेत ओबामाकेअर. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी त्यावर सही केली आणि तेव्हापासून तो रद्द करण्याची भाषा इथल्या राजकारणात अखंड चालू आहे.

एका मित्राच्या वडिलांचा अर्ज भरताना मी शेजारी होतो. काका मूळचे सांगलीचे. मधुमेह जुना आणि बायपास झालेली. ज्येष्ठांसाठीची सरकारी मेडिकेअर योजना नव्या ग्रीन कार्डधारकाला किमान पाच वर्षांच्या वास्तव्याशिवाय मिळत नाही, म्हणून बाजारपेठेतली योजना घ्यायची होती. काकांनी अँजिओग्राफीच्या अहवालापासून साखरेच्या नोंदींपर्यंत सगळे लावलेली प्लॅस्टिकची जाडजूड फाइल पुढ्यात आणून ठेवली. अर्जात वय, पत्ता, कुटुंबातील माणसे आणि उत्पन्न एवढेच विचारले गेले. आजाराबद्दल एकही प्रश्न आला नाही. “अरे, मग बायपासचं कुठे लिहायचं?” असे काकांनी दोनदा विचारले. आपल्याकडे आरोग्यविमा घेताना आधीच्या आजारासाठी किती वर्षे थांबावे लागेल हे आधी पाहिले जाते, त्यामुळे त्यांची शंका रास्त होती.

आजार विचारायचाच नाही, ही या कायद्यातील सर्वांत लोकप्रिय तरतूद आहे. २०१० पूर्वी बहुतेक राज्यांत स्वतःहून विमा घेणाऱ्याला जुन्या आजाराच्या कारणावरून कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. न्यू जर्सीने मात्र १९९३ पासूनच असा नकार देण्यास बंदी घातली होती आणि तिथला अनुभव बोलका आहे. विमा घेण्याची सक्ती नसल्यामुळे धडधाकट माणसे आजारी पडेपर्यंत विमा घेईनात, मागे उरले ते आजारी ग्राहक, हप्ते भडकले आणि वैयक्तिक विम्याची ती बाजारपेठ आक्रसत गेली. म्हणून ओबामाकेअरने चुलीचे तीन दगड एकत्र मांडले : आजारी माणसाला नकार नाही, विमा न घेणाऱ्याला दंड, आणि ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांना सरकारी अनुदान. पहिला दगड सगळ्यांना हवा होता, दुसऱ्याचा सगळ्यांना राग होता आणि तिसऱ्याचा खर्च कोणी उचलायचा यावर भांडण होते.

विरोधकांचे सगळेच आक्षेप पोकळ होते, असे मला वाटत नाही. “तुमची सध्याची योजना तुम्हाला आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील” हे ओबामांचे आश्वासन २०१३ मध्ये लाखो लोकांच्या बाबतीत खोटे ठरले. अनुदानाच्या मर्यादेच्या थोडे वर उत्पन्न असलेल्या स्वतंत्र व्यावसायिकांना हप्त्याचा पूर्ण भार सोसावा लागला. आमच्या ओळखीतल्या अनेक मराठी कन्सल्टंट मंडळींची ओबामांवरची नाराजी तेव्हाचीच आहे. परंतु विमासक्तीची कल्पना मुळात हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने १९८९ मध्ये मांडली होती आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ती २००६ साली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी अमलात आणली, हे त्या पक्षाने सोयीस्करपणे विसरावे, याची मौज वाटते.

प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांनी पन्नासहून अधिक वेळा कायदा पूर्णतः वा अंशतः रद्द करण्यासाठी मतदान केले. ओबामा नकाराधिकार वापरणार हे ठाऊक असल्याने त्या मतदानाची जोखीम शून्य होती. खरी पंचाईत २०१७ मध्ये झाली. ट्रम्प राष्ट्राध्यक्ष, दोन्ही सभागृहे हाती, आणि पर्यायी योजनेचा पत्ता नाही. सिनेटमध्ये साध्या बहुमताने काम भागवायचे तर अर्थसंकल्पीय वाटेने जावे लागते आणि त्या वाटेने फक्त पैशाशी निगडित तरतुदींनाच हात लावता येतो. म्हणजे दंड आणि अनुदान काढता येणार, पण आजारी माणसाला नकार न देण्याचा नियम तसाच राहणार. थोडक्यात, न्यू जर्सीची जुनी फजिती देशभर. प्रतिनिधिगृहाने मे महिन्यात २१७ विरुद्ध २१३ मतांनी संमत केलेल्या विधेयकामुळे २०२६ पर्यंत विम्याविना राहणाऱ्यांची संख्या २ कोटी ३० लाखांनी वाढेल, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता.

२८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये काटछाट केलेल्या विधेयकावर मतदान झाले. सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन सिनेटर विरोधात होत्या. मेंदूच्या कर्करोगाचे निदान नुकतेच झालेले जॉन मॅकेन पुढे आले, त्यांनी हात उंचावून अंगठा खाली केला आणि विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. २००८ मध्ये ओबामांकडून पराभूत झालेल्या उमेदवाराने ओबामांचा कायदा वाचवला. बंद दाराआड विधेयक शिजवून ते घाईने सभागृहावर लादण्याच्या पद्धतीवर तीनच दिवसांपूर्वी त्यांनी कडक टीका केली होती.

तेव्हापासून ‘रद्द’ हा शब्द मागे पडला आणि कायदा आतून पोखरणे सुरू झाले. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून दंड शून्यावर आणला. न्यू जर्सीने लगोलग स्वतःचा दंड लागू केला. दंडच उरला नसेल तर सगळा कायदाच घटनाबाह्य ठरतो, असा टेक्सास व इतर राज्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. २०२४ च्या वादचर्चेत पर्याय काय, असे विचारल्यावर ट्रम्प यांनी आपल्याकडे योजनेच्या ‘संकल्पना’ आहेत, असे उत्तर दिले.

सध्याचे भांडण तिसऱ्या दगडाचे आहे. करोनाकाळात, २०२१ मध्ये वाढवलेल्या अनुदानाची मुदत २०२५ अखेर संपणार होती. ती वाढवावी म्हणून डेमोक्रॅट अडून बसले आणि १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले; अमेरिकेच्या इतिहासातील ही तोवरची सर्वांत दीर्घ टाळेबंदी. वाढीव अनुदान मात्र संपलेच. शिवाय जुलै २०२५ च्या मोठ्या विधेयकाने दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नाच्या, पण गरिबांसाठीच्या सरकारी मेडिकेड योजनेसाठी पाच वर्षे न भरलेल्या स्थलांतरितांचे अनुदान २०२६ पासून काढले, आणि २०२७ पासून एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील लोकांचेही जाणार आहे. आई-वडिलांना इकडे आणण्याचा विचार करणाऱ्या मराठी मुलांनी विमानाच्या तिकिटाआधी हा हिशेब मांडावा, असे मी हल्ली प्रत्येकाला सांगतो.

गंमत अशी की ओबामाकेअरच्या बाजारपेठेतून विमा घेणारे सर्वाधिक लोक फ्लोरिडात आणि त्याखालोखाल टेक्सासमध्ये आहेत. दोन्ही राज्ये रिपब्लिकन, आणि दोघांनीही मेडिकेडचा विस्तार नाकारलेला. त्यामुळे तिथल्या कमी उत्पन्नाच्या माणसाला या अनुदानित योजनांचाच आधार उरतो. वाढलेल्या हप्त्यांची बिले आता त्याच मतदारसंघांत पोहोचत आहेत आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये प्रतिनिधिगृहाची निवडणूक आहे.