इलेक्ट्रॉन खरंच गेले, की नुसते दिसेनासे झाले?

भूचुंबकीय वादळाच्या दिवशी, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांचा झोत (सौरवारा) पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून काढतो तेव्हा, भूस्थिर कक्षेतल्या (पृथ्वीच्या केंद्रापासून ६.६ पृथ्वी-त्रिज्यांवरच्या) गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांचा आलेख उघडून बघा. २ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) वरच्या इलेक्ट्रॉनांचा फ्लक्स, म्हणजे ठरावीक वेळात उपकरणावर येणारी त्यांची संख्या, वादळाच्या मुख्य टप्प्यात काही तासांतच दहापट, शंभरपट, कधी त्याहूनही खाली उतरतो. वेगवान इलेक्ट्रॉन अडकून राहिलेला पृथ्वीभोवतीचा व्हॅन ॲलन पट्टा रिकामा झाला असं लगेच वाटतं, पण तसं म्हणायची घाई करू नये. त्या उताराचा काही भाग नुसता भास असतो.

वादळात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतभारित कणांचा प्रवाह, म्हणजे वलय प्रवाह, वाढतो आणि त्याच्या आतल्या बाजूचं चुंबकीय क्षेत्र ढिलं पडतं. वादळात अलिबागच्या वेधशाळेत मोजलेला चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक खाली येतो, तो मुख्यतः याच प्रवाहामुळे. (१८५९ सालच्या वादळात कुलाब्याला सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (चुंबकीय क्षेत्राचं एकक) घट नोंदली गेली. ती सगळी वलय प्रवाहाच्या खाती टाकावी की नाही, यावर अजून वाद आहे.) प्रवाह वाढायला तास लागतात. १ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन मात्र ६.६ पृथ्वी-त्रिज्यांवरून साधारण १० मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. त्याच्या दृष्टीने हा बदल संथच, त्यामुळे फेरीच्या आत सापडणाऱ्या बलरेषा तेवढ्याच राहतात. क्षेत्र घटलं की तेवढ्या बलरेषा कवेत घ्यायला त्याला बाहेर सरकावं लागतं, आणि तिथल्या कमी क्षेत्रात त्याची ऊर्जाही उतरते.

आकड्यांत सांगायचं तर, ९० अंश पिच अँगलच्या (वेगाची दिशा आणि बलरेषा यांमधला कोन) १ एमईव्ही इलेक्ट्रॉनच्या जागचं क्षेत्र १०० वरून ८० नॅनोटेस्लावर आलं, तर त्याची ऊर्जा ०.८६ एमईव्ही होते. उपकरणाची खिडकी, म्हणजे ते मोजतं ती ऊर्जा, मात्र १ एमईव्हीवरच उघडी आहे. आता त्या खिडकीत जे दिसतात ते आधी १.१६ एमईव्हीचे होते. ऊर्जा वाढेल तशी इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने घटत जाते, म्हणून मोजणी कोसळते. एकही इलेक्ट्रॉन हरवलेला नसतो. वलय प्रवाह ओसरला की सगळे आपापल्या जागी परत येतात.

म्हणून नुसत्या फ्लक्सवर बोलू नये, फेज स्पेस डेन्सिटी, म्हणजे जागा आणि संवेग दोन्ही धरून येणारी कणांची घनता, काढावी. फ्लक्सला संवेगाच्या वर्गाने भागायचं. मग पहिले दोन अचल, म्हणजे क्षेत्र संथ बदललं तरी न बदलणाऱ्या राशी, म्यू (बलरेषेभोवतीच्या भ्रमणाची) आणि के (बलरेषेवरच्या ये-जाची), स्थिर धरून ती एल-स्टारच्या (फेरीच्या आतल्या बलरेषांवरून ठरणारं अंतर) विरुद्ध मांडायची. वरच्या उदाहरणातला म्यू साधारण २००० एमईव्ही प्रति गॉस येतो. या मांडणीतही घट टिकली तर ऱ्हास खरा. गोची एल-स्टारमध्ये आहे. तो मोजता येत नाही, टी८९ किंवा टीएस०४ यांसारख्या क्षेत्र-मॉडेलमधून काढावा लागतो, आणि ही मॉडेलं नेमकी वादळातच सर्वाधिक चुकतात. दोन मॉडेलांनी वेगळं चित्र दिलं तर निष्कर्ष थांबवावा, हेच बरं.

ऱ्हास खरा ठरला की पुढचा प्रश्न: गेले कुठे? बाहेर, की खाली वातावरणात?

बाहेरची वाट मॅग्नेटोपॉजची, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि सौरवारा यांच्यातल्या सीमेची. एरवी ही सीमा सूर्याकडच्या बाजूला सुमारे १० त्रिज्यांवर असते. सौरवाऱ्याचा दाब जबर वाढला आणि आंतरग्रहीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, की ती भूस्थिर कक्षेच्याही आत येते. ज्यांची फेरी या सीमेला छेदते ते इलेक्ट्रॉन एका फेरीतच सौरवाऱ्यात निघून जातात. बाहेरची कड अशी कापली गेल्यावर आतली घनता बाहेरच्यापेक्षा जास्त उरते, आणि अतिमंद यूएलएफ लहरी आतल्यांनाही त्या रिकाम्या कडेकडे ढकलत राहतात. सीमा ८ त्रिज्यांवर असताना ५ वरही खड्डा पडतो, तो असा. ६ जानेवारी २०११ चं वादळ बेताचंच होतं, तरी थेमिस, गोज आणि पोएस यानांच्या एकत्र नोंदींत बहुतेक इलेक्ट्रॉन याच वाटेने गेल्याचं दिसलं.

खालची वाट लॉस कोनमधून, म्हणजे बलरेषेभोवतीच्या लहान पिच अँगलच्या शंकूतून. विषुववृत्तावर हा शंकू ६.६ त्रिज्यांवर जेमतेम अडीच अंशांचा, ४ त्रिज्यांवर सव्वापाच अंशांचा. लहरींनी पिच अँगल एवढा खाली आणला, की इलेक्ट्रॉन साधारण १०० किलोमीटर उंचीवर हवेत आदळून संपतो. संध्याकाळच्या बाजूला उठणाऱ्या ईएमआयसी (इलेक्ट्रोमॅग्नेटिक आयन सायक्लोट्रॉन), म्हणजे आयनांमुळे उठणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी यात सर्वांत जलद. पण ऱ्हास दिसला की ईएमआयसीचं नाव घ्यायची सवय फार बोकाळली आहे, ती मला पटत नाही. या लहरी मुख्यतः १-२ एमईव्हीच्या वरच्यांनाच लागू पडतात, आणि ९० अंशांजवळच्यांना जवळजवळ हात लावत नाहीत. ३०० केईव्हीवरही (०.३ एमईव्ही) तेवढाच खड्डा असेल, तर एकट्या ईएमआयसीने त्याचा उलगडा होत नाही.

पिच अँगलच्या वाटपात खूण सापडते. ईएमआयसी लहरी कडेचे, लहान कोनांचे इलेक्ट्रॉन खातात, मधला ९० अंशांचा सुळका उरतो. मॅग्नेटोपॉज उलट ९० अंशांचेच आधी नेतो, कारण दिवसाच्या बाजूला तेच सर्वांत बाहेरून फिरतात. म्हणून रात्रीच्या बाजूला मध्ये खोलगट, फुलपाखरासारखं वाटप दिसतं.

खाली पडणारे मोजायला कमी उंचीवरचे पोएस उपग्रह कामाचे, पण त्यांच्या इलेक्ट्रॉन खिडक्यांत काहीशे केईव्हीचे प्रोटॉन शिरतात. ईएमआयसी लहरी वलय प्रवाहातले प्रोटॉनही खाली पाडतात, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉन शोधायचे तिथेच ही भेसळ जास्त. आधी प्रोटॉन वजा करा. बॅरल मोहिमेने २०१३ आणि २०१४ मध्ये अंटार्क्टिकावर फुगे सोडून पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे क्ष-किरण मोजले. तिथे ही अडचण नाही, पण एक फुगा दाखवतो तो आकाशाचा छोटा तुकडा.

सकाळच्या बाजूच्या कोरस नावाच्या लहरी सेकंदाहून कमी वेळाच्या सरींनी इलेक्ट्रॉन खाली पाडतात आणि त्याच वेळी उरलेल्यांना वेग देऊन पट्टा पुन्हा भरतात. त्यामुळे डीएसटी (वादळाची तीव्रता दाखवणारा निर्देशांक) किती खाली गेला यावरून शेवटी काय उरेल हे सांगता येत नाही. १९८९ ते २००० मधली २७६ वादळं तपासली तेव्हा ५३ टक्क्यांत फ्लक्स आधीपेक्षा वाढला, १९ टक्क्यांत घटला आणि २८ टक्क्यांत फारसा फरक पडला नाही.